पिस्ता रंगाचे कॉलम

जुनी इमारत तपासायला गेलं की लोक मला आधी खायला घालतात. हे त्यांना कुणी शिकवलं देव जाणे. कांदेपोहे, वेफर्स, वर चहा, आणि कमिटीचे सगळे इस्त्रीचे शर्ट घालून जिन्याखाली उभे. मुलगी दाखवायचा कार्यक्रम आणि स्ट्रक्चरल ऑडिट यांत आमच्या भाईंदरला काडीचाही फरक नाही. तिथे मुलीला पावडर लावतात, इथे बिल्डिंगला रंग. आणि दोन्हीकडे एकच भाबडी आशा असते, की बघायला आलेलं माणूस फार खोलात शिरणार नाही.

मला याचा राग येतो. डॉक्टरकडे जाताना कुणी खोकला घरी ठेवून जात नाही. पण ऑडिट ठरलं रे ठरलं की भेगांत पुट्टी भरायची, ओल आलेल्या भिंतीपुढे कपाट सरकवायचं, गळक्या छताखालची बादली शेजाऱ्याकडे लपवायची. मग मला सगळीकडे फिरवून विचारतात, "मॅडम, चांगली आहे ना बिल्डिंग?" जणू मी परीक्षेला बसवलेल्या पोराचे मार्क वाढवून द्यायला आलेय.

मी मूळची इथल्याच खारी गावची, आगरी. आमची भातशेती होती, शिवाय खाडीकडच्या मिठागरात वाटा होता. आज त्या शेतांत गल्ल्या आहेत, मेडिकलची दुकानं आहेत, क्लासेसचे बोर्ड आहेत. रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगितलं तर तो विचारतो, "कौनसी बिल्डिंग?" त्या बिल्डिंगी माझ्या लहानपणी उभ्या राहिल्या. चार मजले, लिफ्ट नाही, आणि घाई तर अशी की विचारू नका. रेती खाडीतली, पाणी शेजारच्या खारट विहिरीचं. मिठागरावर काम केलेल्या माणसाला लोखंड आणि मीठ यांचं वैर सांगावं लागत नाही. आमच्याकडे फावडं हंगाम संपेपर्यंत अर्धं झालेलं असायचं. तेच मीठ या बिल्डिंगींच्या काँक्रीटमध्ये कालवलं गेलं. आतली सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की बाहेरचं काँक्रीट फोडते. बाहेरून दिसते एक उभी बारीक रेघ. लोक तिला प्लास्टरची भेग म्हणतात आणि तिच्यावर देवाचं कॅलेंडर टांगतात.

माझ्याकडे मशिनं आहेत, पण पहिलं काम लहान हातोडीचं. कॉलमवर ठोकायचं आणि ऐकायचं. निरोगी काँक्रीट टणकन बोलतं, पोकळ झालेलं बद वाजतं. एकदा कान तयार झाला की रंगाने फसायला होत नाही. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा मी खांबाला बोटाच्या पेरांनी टकटक करून बघते, आणि माझा नवरा तोंड दुसरीकडे करतो.

तर, आत्याची बिल्डिंग.

माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. तिच्या सासरचं शेत गेलं आणि बदल्यात त्या शेतावर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर तिला घर मिळालं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तेव्हापासून ती तिथे एकटी राहते आणि सगळ्या बिल्डिंगला धाकात ठेवते. मी इंजिनियरिंगला जाणार म्हटल्यावर आमच्या घरात नाकं मुरडली गेली होती. तेव्हा आत्या वडिलांच्या दारात येऊन बसली आणि फी भरल्याची पावती बघितल्याशिवाय पाणी प्यायला तयार झाली नाही. मी आज जी काही आहे ती तिच्या हट्टामुळे. हे इथेच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी काय गोची झाली ते कळेल.

सोसायटीला महापालिकेची नोटीस आली, इमारतीला इतकी वर्षं झाली, ऑडिट करून घ्या. कमिटीने मलाच बोलावलं. कारण उघड होतं. सेक्रेटरींनी ते फोनवर लपवलंही नाही. "मॅडम, आप तो अपने घर की हो. आपको क्या बोलना, समझ के लिखोगे ना." दुसरं कुणी असतं तर नात्याचं काम म्हणून नाही म्हणालं असतं. मी हो म्हटलं. आत्या ज्या छताखाली झोपते ते छत दुसऱ्याच्या हातोडीवर सोडायची माझी तयारी नव्हती. महापालिकेला मात्र पहिल्याच दिवशी लेखी कळवलं की या बिल्डिंगमध्ये माझी आत्या राहते.

गेले तेव्हा पार्किंगमधले सगळे कॉलम पिस्ता रंगात न्हाऊन उभे होते. रंग इतका ताजा की माझ्या ओढणीला लागला. पोहे आले. मी म्हटलं, पोहे नंतर. हातोडी काढली आणि लिफ्टसाठी सोडलेल्या रिकाम्या जागेशेजारच्या कॉलमवर ठोकलं. बद. थोडं वर ठोकलं. बद. खजिनदार म्हणाले, "मॅडम, जरा हळू, कालच रंग दिलाय." मी जरा जोरात ठोकलं. परातीएवढा पोपडा खाली आला आणि आतली सळई दिसली. सळई कसली, चिरोट्यासारखे पदर सुटलेलं गंजकं काहीतरी. बोटाने उचकटलं तर पदर हातात आला.

मग सेक्रेटरी माझ्यावर उखडले. "आपने तोडा, इसलिए टूटा!"

हे वाक्य मी इतक्या बिल्डिंगींत ऐकलंय की आता हसू यायला हवं. त्या दिवशी नाही आलं. मी तो गंजाचा पदर त्यांच्या इस्त्रीच्या खिशात घातला आणि म्हटलं, "हा घरी न्या आणि ज्या पलंगावर झोपता त्याच्या उशाशी ठेवा." माझी जीभ अशीच आहे. नवरा म्हणतो, तुझ्या हातोडीपेक्षा तीच जास्त लागते.

त्याच दिवशी सळया उघड्या पडलेल्या कॉलमांशेजारी मी लोखंडी टेकू लावून घेतले. दुसऱ्या दिवशी गेले तर टेकूंना दोऱ्या बांधून कुणीतरी कपडे वाळत घातले होते. चादरी, बनियन, शाळेचे युनिफॉर्म. मी सगळे उतरवले. बायका भांडायला आल्या. मीही भांडले.

मग घराघरांतून फिरले. आत्याच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या बीमला भलंमोठं कॅलेंडर होतं, इतक्या उंचावर की त्यातली तारीख बघायची तर स्टूल लागावं.

"ते काढ," मी म्हटलं.

"देवाला हात लावू नको."

"आत्या, देव बाजूला ठेवू, मग बघू."

तिने स्वतःच स्टुलावर चढून कॅलेंडर काढलं. मागे हाताचं बोट जाईल अशी भेग. "दर नवरात्राला भरून घेते," ती शांतपणे म्हणाली. "आनि दर पावसात ती परत येते. मना काय दिसत न्हाय असं वाटलं तुला? मना समदं दिसते."

मी इतका वेळ समजत होते की या लोकांना कळत नाही. आत्याला सगळं कळत होतं, आणि कळूनही ती रोज त्या बीमखाली भाकऱ्या थापत होती.

"मग बाहेर का पडत नाहीस?"

तिने मला खिडकीशी नेलं. समोरच्या प्लॉटवर पत्रे ठोकलेले. तिथेही अशीच बिल्डिंग होती. धोकादायक ठरली, रिकामी झाली, पाडली, आणि त्यानंतर तिथे पाणी साचलंय आणि गवत माजलंय. माणसं कुणी डोंगरीला, कुणी मीरा रोडला, कुणी पार नालासोपाऱ्याला भाड्याने राहतात. "त्यातला एक तरी परत आला कं? सांग ना बाय. इंजिनियर हाय ना तू?" मग बोट माझ्यावर रोखून म्हणाली, "एकदा जमिनीवरनं उठवलं आमाला. आता इथनं उठायची न्हाय. पडली तर पडली. माझ्याच शेतात पडेल."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आलं की मी ओरडते. मी ओरडले. तीही ओरडली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं, आणि मी गॅलरीतून खाली ओरडून सांगितलं की छत ठोकू नका.

काँक्रीटचे गोल तुकडे कापून प्रयोगशाळेत पाठवले. जे माझ्या कानांना कळलं होतं तेच तिथून आलं. मी रिपोर्ट लिहायला बसले. शेवटी एक शब्द लिहायचा असतो. दुरुस्तीयोग्य, की अतिधोकादायक. पहिला लिहिला तर माणसं घरात राहतात, दुसरा लिहिला तर बाहेर. लोकांना वाटतं हा शब्द माझ्या मर्जीचा आहे.

मर्जी सांभाळायला फोन सुरू झाले. कमिटीचे, एका समाजसेवक भाऊंचे, लांबच्या नातलगांचे. "थोडं खाली आणता येईल का?" भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी बिल्डरची माणूस ठरले. बिल्डर कोण हे कुणालाच माहीत नव्हतं, पण असणार हे नक्की होतं. माझा सख्खा भाऊ म्हणाला, "घरच्याच म्हातारीला बेघर करतेस?" आणि सगळ्यांचं मिळून एक मागणं, रिपोर्ट गणपतीनंतर द्या. घरोघरी गणपती बसतात, पाहुणे येतात, अशा वेळी घर कसं सोडणार? मी म्हटलं, बरं, मग कॉलमला पण सांगून या, गणपती होईपर्यंत थांब. घरात माणसं भरतात तेव्हाच तर भार वाढतो.

मी 'अतिधोकादायक' लिहिलं. सही केली, शिक्का मारला आणि गणपतीच्या आधीच रिपोर्ट दिला. अक्षर स्वच्छ आलंय. अजून बघते कधीतरी.

सोसायटीने सभा बोलावली, पार्किंगमध्ये. मी त्या कॉलमांखाली बसायला नकार दिला. सभा घ्यायची तर शेजारच्या मैदानात, नाहीतर मी चालले. लोकांना तो अपमान वाटला. एक काका म्हणाले, आम्ही इथे पोरंबाळं वाढवली आणि तुम्हाला तासभर बसायची भीती वाटते? म्हटलं, हो, वाटते, आणि तुम्हालाही वाटावी म्हणूनच आलेय. कुरकुर करत सगळे खुर्च्या घेऊन मैदानात आले. उन्हाने आधीच तापलेले लोक आणखी तापले. तासभर नुसता आरडाओरडा.

मग आत्या उठली. ती उठली की आवाज आपोआप बसतात.

"लिहिलंस ते खरं हाय," ती मला म्हणाली, सगळ्यांसमोर. "मी माझ्या डोळ्यांनी रोज बघते. पन एक सांग. उद्या ही पाडली, आनि नंतर कोन म्हनला की तुझं घर एवढंसंच होतं, त मी काय दाखवू? हवेत बोट?"

मी सांगणार होते की ते माझं काम नाही. मी फक्त तपासते. ते 'फक्त' ओठांवर आलं आणि माझं मलाच किळसवाणं वाटलं. ज्या बाईने मला शिकवण्यासाठी दारात धरणं धरलं, तिला मी 'फक्त' सांगणार?

"घरं मोजू," मी म्हटलं. "प्रत्येक घर. मोजल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही. मी मोजते, सही करते, महापालिकेकडे नोंद करून घेऊ."

"तू मोजशील," आत्या म्हणाली, "पन टेपचं दुसरं टोक माझ्या हातात."

बाहेरून आलेल्यांना हे कळलं नाही. आमच्या गावातल्या चार म्हाताऱ्यांना कळलं, त्यांनी माना हलवल्या. शेताच्या बांधावर मोजणी असली की साखळीचं एक टोक मोजणाऱ्याकडे आणि दुसरं मालकाच्या घरच्या माणसाकडे, ही आमच्याकडची रीत. मालक जागेवर नसला तर मोजणी थांबायची. आत्याच्या सासरचं शेत मोजलं त्या दिवशी बिल्डरच्या माणसांनी सासऱ्यांना खुर्चीवर बसवलं, थंडा पाजला, सन्मान केला. म्हाताऱ्याला इतकं भारी वाटलं की तो उठलाच नाही. दोन्ही टोकं त्यांच्याच माणसांच्या हातात राहिली. कागदावर शेत एका बांधाने लहान झालं. आत्या घरातली सून, पदर घेऊन लांब उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं आणि तिला बोलायची मुभा नव्हती. हे ती त्या दिवशी मैदानात, सगळ्या बिल्डिंगपुढे, हिंदीत सांगत होती, मोडक्यातोडक्या. "कुर्सी पे बिठाया ना, समझ लो गया!"

गुजराती, मारवाडी, उत्तरेकडचे, कोकणातले, सगळे ऐकत राहिले. आपण हिच्या शेतात राहतो हे बहुतेकांना पहिल्यांदाच कळलं असावं.

मग आम्ही मोजलं. एक टोक माझ्याकडे, दुसरं घरातल्या माणसाकडे; आणि का कोण जाणे, बहुतेक घरांत ते बाईने धरलं. काही जणी भिंतीला टेप इतका दाबून धरत की जणू भिंत पळून जाणार आहे. मोरी मोजली, गॅलरी मोजली, दाराआडचा कोनाडासुद्धा. आकडा मी मोठ्याने म्हणायचे, त्या परत म्हणायच्या, मग लिहायचा. माझ्या क्षेत्रातल्या एका ज्येष्ठांनी फोन करून समजावलं, की ऑडिटरने असं लोकांच्या बाजूने उभं राहू नये, तटस्थ दिसत नाही. मी म्हटलं, छत पडताना तटस्थ नसतं, ते खालच्याच माणसावर पडतं. त्यांनी फोन ठेवला. महापालिकेचे अभियंते आले, त्यांनी आमचे आकडे पुन्हा तपासले आणि नोंद करून घेतली. प्रत्येक घराच्या हातात त्याचा कागद पडला.

सेक्रेटरींच्या घरी मोजायला गेले तेव्हा पुन्हा पोहे आले. ते खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, अभी तो खा लो." खाल्ले. चांगले होते.

बिल्डिंग गणपतीच्या आधी रिकामी झाली. त्या वर्षीचे गणपती भाड्याच्या घरांत बसले, आत्याचा माझ्याकडे मीरा रोडला. तिने माझ्या देव्हाऱ्याची दिशा चुकीची असल्याचं पाहुण्यांना एकेक करून सांगितलं. घर सोडताना ती रडली नाही. दाराला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला लावली आणि जिना उतरताना कठड्याला हात लावला नाही. रडले मी, रिक्षात, आणि तिने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

पुढचं अजून चालू आहे. नवा बिल्डर करार घेऊन आला, त्यातली घरं आमच्या आकड्यांपेक्षा लहान निघाली. बायकांनी आपापले कागद टेबलावर ठेवले आणि सह्या केल्या नाहीत. त्याने खुर्च्या मागवल्या, कुणी बसलं नाही. तो परत येणार आहे. आम्हीही आहोत.

बिल्डिंग मात्र पडली नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, ती आपली पिस्ता रंगात उभी. पाडायचं काम करारासाठी अडलंय. भोवती पत्रे आहेत आणि आत टेकू. याचे टोमणे मला भाजी घेताना, देवळात, कुठेही खावे लागतात. लोकांना वाटतं, मी बोलले तशी ती पडली असती तर मी हुशार ठरले असते. मला तसलं हुशार व्हायचं नव्हतं.

परवा खारीत नात्यातल्या एकाची हळद होती. मांडव भरलेला, बँजोवाले सुरू व्हायचे होते. नवऱ्या मुलाचा काका, ज्याने तेव्हा मला फोन करून 'खाली आणा' म्हटलं होतं, तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय मॅडम, तुमची पडनारी बिल्डिंग अजून उभीच हाय वाटतं!" आजूबाजूचे हसले. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं तिखट. पण आत्या माझ्या आधी बोलली. कपाळभर हळद, डोक्यात अबोलीचा गजरा, आवाज मांडवाच्या त्या टोकाला जाणारा.

"उभी हाय ना. उभी राहू दे," ती म्हणाली. "मी तिच्यात न्हाय, हितं हाय. आनि मी तिच्याखाली मेल्यावर ह्या पोरीला खरं म्हननार होतास कं रं?"